मोडायचं कुणी?

मागच्या महिन्यात मिक्सरच्या कपलरबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका काकूंनी फोनवर विचारलं, "एवढी मोठी मोटार बनवतात, मग तो खालचा तुकडाच असा तकलादू का ठेवतात रे? लोखंडाचा करायला काय होतं?" मी हसून म्हटलं, सांगतो कधीतरी. खरं म्हणजे त्या वेळी मी घरात अगदी तेच करून बसलो होतो, मिक्सरऐवजी खेळण्यातल्या गाडीवर. त्यामुळे या वेळचा लेख हा उत्तर कमी आणि कबुली जास्त आहे.

गाडी चिरंजीवाची. वय वर्षं नऊ. रिमोटवर चालणारी, १:२८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाची. तळहातावर मावते. चारही चाकांना ड्राइव्ह, पुढे-मागे डिफरन्शियल, मध्ये शाफ्ट, सगळं खऱ्यासारखं. या मापाच्या गाड्यांना जगभर चाहते मिळवून दिले ते जपानच्या क्योशो कंपनीच्या 'मिनी-झी'नं, १९९९ पासून. आता चिनी गाड्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आमची तसलीच. दिवाळीला साडेपाच हजारांत घेतली आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पोरांच्या शर्यती सुरू झाल्या.

चौथ्या दिवशी गाडी खांबाला धडकली. मोटार फिरतेय, चाकं ढिम्म. आतून फक्त कर्र्र असा आवाज. उघडली तर स्पर गिअरचे तीन दाते गायब. मोटारच्या दांड्यावर जो छोटा गिअर असतो तो पिनियन, आणि पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे स्पर. आमच्या गाडीत पिनियनला १२ दाते, स्परला ३८. खोक्यात एक जादा स्पर दिलेला होता. तो मी बसवला, मोटार घट्ट दाबून स्क्रू आवळला, झालं. बी. ई. झालेला माणूस, भले कॉम्प्युटरमध्ये, पण एवढं तर जमतंच.

तो गिअर दहा दिवस टिकला. तिसरा सहाच दिवस. तिसऱ्या वेळी पोरगा गाडी घेऊन आला तेव्हा माझा ऑफिसचा कॉल चालू होता. कॉल संपल्यावर मी त्याला सगळ्या पोरांसमोर, पार्किंगमध्ये जाऊन झापलं. वस्तू सांभाळता येत नाही, किंमत कळत नाही, वगैरे वगैरे. तो म्हणाला, "पप्पा, मी कुठंच आदळली नाही. सरळ चालली होती, आपोआप थांबली." मला ते खोटं वाटलं. गाडी कपाटात गेली, आठवडाभर बंद.

आठवडाभरात मी माझ्या पद्धतीनं उपाय शोधला. प्लॅस्टिक मोडतंय ना? मग धातूचं लावू. ऑनलाइन शोधलं तर या गाड्यांसाठी धातूचे सुटे भाग म्हणजे एक अख्खं दुकानच आहे: स्टीलचा स्पर, स्टीलचा पिनियन, डिफरन्शियलचे गिअर, शाफ्ट, चाकाला जोडणारे दांडे, ॲल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म, निळ्या-लाल रंगात चकाकणारे. मी सगळंच मागवलं. हिनं विचारलं, "गाडीच्या निम्मी किंमत झाली की रे!" मी म्हटलं, एकदाच होईल, मग कटकट नाही.

सामान यायला तीन आठवडे लागले. एका रविवारी सगळं बसवलं. गाडी हातात जड लागत होती, दिसायला देखणी. आवाज मात्र खडीच्या क्रशरसारखा. मी पोराला सांगितलं, धातू आहे, आवाज येणारच.

दोन आठवडे चालली. मग एका संध्याकाळी ती घरातच सोफ्याखाली शिरली आणि पायपुसण्याच्या झालरीत तिचं चाक अडकलं. पोरगा बाहेरून रिमोटचा घोडा दाबत राहिला. दहा-पंधरा सेकंद. सोफ्याखालून आधी वास आला, मग धूर.

एकही गिअर मोडला नव्हता. जळला होता तो बोर्ड. या छोट्या गाड्यांत रिसीव्हर आणि मोटारचा कंट्रोलर एकाच बोर्डवर असतात, म्हणजे गाडीतला सर्वांत महाग भाग. ब्रशवाली मोटार फिरताना थोडा करंट घेते, पण दांडा अडकून जागेवर थांबली की सर्वांत जास्त घेते. प्लॅस्टिकचा गिअर असता तर दोन दाते उडाले असते आणि मोटार मोकळी फिरली असती. माझ्या स्टीलच्या दात्यांनी हार मानली नाही, म्हणून बोर्डानं मानली.

इथवर बाबा काहीच बोलले नव्हते. ते घरातच होते, समोरच्या खुर्चीवर, पेपर घेऊन. माझे वडील उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं होते. आधी लेथवर, नंतर बरीच वर्षं हॉबिंग मशीनवर. म्हणजे गिअर कापणं हेच त्यांचं काम. आणि मी दीड-दोन महिने त्यांच्यापासून सहा फुटांवर बसून गिअरशी झटत होतो, पण त्यांना विचारावं हे मला सुचलं नाही. रिमोटची गाडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे माझं खातं, असं काहीतरी डोक्यात असावं. त्यांनीही विचारलं नाही. आमच्या घरात असंच चालतं. तुमच्याही असेल.

धूर निघाल्यावर ते उठले. म्हणाले, "जुने गिअर टाकलास काय?"

टाकले नव्हते. एका डबीच्या झाकणात तिन्ही मोडके स्पर पडून होते. बाबांनी चष्मा बदलला, जुनं भिंग काढलं आणि खिडकीपाशी जाऊन एकेक गिअर फिरवून पाहिला. मग टेबलावर ओळीनं मांडले.

"हा बघ, पहिला. तीनच दाते गेलेत, एका जागी. बाकीचे नवे कोरे. चाक अडकलं, पिनियन फिरत राहिला आणि त्यानं एकाच ठिकाणी खाल्लं. ही धडक. हे पोरानं केलं."

दुसरा आणि तिसरा उचलला. त्यांचे सगळेच दाते झिजलेले, कडा वितळल्यासारख्या चकचकीत, दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पांढरी भुकटी.

"हे धडकेनं होत नाही. दाता दात्यात तळापर्यंत दाबून बसवलाय. जागाच ठेवली नाहीस. गरम झालं, मऊ पडलं, गेलं. हे मोडणाऱ्यानं मोडलेलं नाही, बसवणाऱ्यानं मोडलंय."

बसवणारा मी होतो. आणि पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

त्या दिवशी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. आठवडाभर गाडी बंद केली होती, ती शिक्षा चुकीच्या माणसाला झाली एवढं कबूल केलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं." एवढंच. पण ते 'सांगितलं होतं' मला अजून ऐकू येतं.

मग बाबांनी कपाटातून त्यांचा व्हर्निअर काढला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, बहुतेक. माझा स्टीलचा स्पर मोजला: बाहेरचा व्यास २१.२ मिलिमीटर. जुना प्लॅस्टिकचा मोजला: २०.०. दोघांनाही दाते ३८.

"दाते सारखे म्हणजे गिअर सारखा नव्हे," ते म्हणाले आणि पेपरच्या कडेला हिशेब केला. तो सांगतो, कारण असे भाग मागवणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी आहे. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून जो आकडा येतो त्यानं भागायचा. येतं ते मॉड्यूल, म्हणजे दात्याचं माप. २० भागिले ४०, म्हणजे ०.५. हा प्लॅस्टिकचा. २१.२ भागिले ४०, म्हणजे ०.५३. हा स्टीलचा. तो मुळात इंचाच्या मापातला होता, '४८ पिच'. एक इंच व्यासामागे ४८ दाते. २५.४ ला ४८ नं भागा, ०.५२९ येतं. वेबसाइटवर लिहिलं होतं ३८ दाते, मी ते वाचलं आणि पुढचं वाचलं नाही. पिनियन ०.५ चा, स्पर ०.५३ चा. दाते एकमेकांत नीट बसणारच नव्हते, एकमेकांना खरवडत फिरत होते. क्रशरचा आवाज तो. आणि त्या खरवडण्यात मोटारवर पडणारा बोजा वेगळाच.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही असा गिअर कापून देऊ शकाल का कुठे?" ते हसले. "आमचं काम दोन, तीन मॉड्यूलचं. अर्धा मॉड्यूल म्हणजे घड्याळवाल्याचं काम."

नवीन बोर्ड यायला वेळ होता. त्या दिवसांत रात्री जेवणानंतर टेबलावर गाडी उघडी पडलेली असायची आणि आम्ही तिघं भोवती. तेव्हाच एकदा मी म्हटलं की आता बरोबर मापाचा स्टीलचा स्पर मागवतो. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकली.

चाळीसेक वर्षांपूर्वी ते शिकाऊ म्हणून लेथवर लागले होते. लेथच्या फीडला एक शिअर पिन असते, मऊ लोखंडाची, बोटाच्या पेरापेक्षा लहान. जास्त जोर आला की ती तुटते आणि मशीन वाचतं. बाबांची पिन सारखी तुटायची, कारण हात बसलेला नव्हता. तुटली की स्टोअरमध्ये जायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, स्टोअरवाला सगळ्यांसमोर म्हणायचा, आलास काय परत? चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी युक्ती केली. मोडलेल्या ड्रिलचा एक कडक तुकडा घासून पिनच्या जागी ठोकला. महिनाभर एकदाही स्टोअरमध्ये जावं लागलं नाही. मग एका रात्रपाळीत फीड वेळेवर सुटला नाही, कॅरेज जाऊन चकवर आदळलं आणि पिन तुटली नाही. आतले फीडचे गिअर तुटले, बिडाचे. मशीन कित्येक दिवस बंद. पैसे पगारातून कापले गेले. त्या दिवाळीला त्यांनी गावी काही पाठवलं नाही आणि आजीला कारणही सांगितलं नाही. आजी गेली, तिला शेवटपर्यंत वाटत होतं की त्या वर्षी पोराचा पगार झाला नव्हता.

"स्टोअरवाला बोलतो म्हणून पिन बदलली," बाबा म्हणाले. "हात सुधारायचा सोडून."

पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्हाला पण रागावले?" बाबा म्हणाले, "व्हय तर! तुझ्या पप्पापेक्षा मोठ्यानं."

गाडी आता ज्या अवस्थेत आहे ती दोघांच्या भांडणातून ठरली आहे. पिनियन स्टीलचा ठेवला. कारखान्यातून आला तो प्लॅस्टिकचा होता आणि मोटारच्या दोन मिलिमीटरच्या दांड्यावर दाबून बसवलेला. असे पिनियन सतत ताणाखाली असतात, कधीतरी दोन दात्यांच्या मधे बारीक तडा जातो आणि प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो. तुमच्या गाडीतून ठरावीक तालात टक्-टक् येत असेल तर आधी तिथं बघा. त्यातून बारा दाते तिपटीहून थोडे जास्त वेळा फिरतात, झीज तिथं जास्त. त्यामुळे लहान गिअर कडक आणि मोठा मऊ, ही जोडी बरी. स्पर मुद्दाम प्लॅस्टिकचाच. मात्र चांगल्या प्लॅस्टिकचा, ॲसिटलचा, डेलरिन या नावानं जो ओळखला जातो. साधं नायलॉन चिवट असतं, पण ते हवेतला ओलावा पितं आणि किंचित फुगतं. आपल्या बेळगावच्या पावसात, जिथं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं उन्हाळ्यात नीट बसवलेला गिअर श्रावणात घट्ट होऊ शकतो.

डिफरन्शियलचे आतले छोटे गिअर आणि चाकांचे दांडे स्टीलचे राहू दिले. तिथं दाते फारच बारीक, आणि ते बदलायचे म्हणजे अर्धी गाडी सोडवावी लागते. ॲल्युमिनियमचे आर्म मात्र काढून टाकले. मला ते फार आवडले होते, पण बाबांचं बरोबर होतं. प्लॅस्टिकचा आर्म वाकतो आणि परत येतो, फार झालं तर तुटतो, चाळीस-पन्नास रुपयांत दुसरा येतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि धक्का सरळ चासीच्या स्क्रूच्या भोकांवर जातो. चासी फाटली की गाडी संपली. स्टिअरिंगच्या सर्व्होवर एक स्प्रिंगवाला तुकडा असतो, चाक आदळलं की तो मागे सरकतो आणि सर्व्होचे दाते वाचतात. तो ढिला वाटतो म्हणून घट्ट करण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. करू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर बेअरिंगवर करा. आमच्या गाडीत चाकांना नुसते पितळेचे बुश होते. बॉल बेअरिंग घातल्यावर गाडी हलकी पळायला लागली आणि मोटार कमी तापते. यात काही मजबूत होत नाही, सगळ्यावरचा भार कमी होतो. माझ्या मते या गाड्यांतलं सर्वांत शहाणं अपग्रेड हेच, आणि तेच कुणी करत नाही, कारण ते बाहेरून दिसत नाही.

राहता राहिला मेश, म्हणजे दात्यात दाता किती खोल बसवायचा. इथं बाबांनी कात्रीनं पेपरची एक बारीक पट्टी कापली. ती पिनियन आणि स्परच्या मधे घातली, मोटार हलकेच पट्टीवर टेकवली, स्क्रू आवळला आणि हातानं गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीला घड्या पडल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर फार घट्ट, घड्या नीट उमटल्या नाहीत तर फार सैल. मग एक गिअर धरून दुसरा हलवायचा, किंचित खुट्ट असा हलला पाहिजे. हे एकाच जागी नव्हे, स्पर पूर्ण फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं, कारण स्वस्त गिअर पूर्ण गोल नसतात. मी ऑफिसमध्ये रोज कुणाला ना कुणाला 'थोडं बफर ठेवा' म्हणून सांगतो. इथं ते कागदाच्या जाडीचं होतं आणि मी ते ठेवलं नव्हतं.

एक राहिलं, ग्रीस. मी स्परवर भरपूर ग्रीस थापलं होतं, चांगलं म्हणून. बाबांनी बोटावर घेऊन दोन बोटांत चोळलं. पार्किंगमधली तांबडी धूळ त्यात मुरली होती. "हे ग्रीस नाही, पॉलिश पेपर आहे," म्हणाले. उघडा प्लॅस्टिकचा गिअर कोरडा ठेवायचा आणि ब्रशनं झाडायचा. ग्रीस फक्त बंद डिफरन्शियलच्या आत.

आता टेबलाच्या खणात एक सुपारीची डबी आहे. तिच्यात पाच ॲसिटलचे स्पर आहेत, मोजलेले, ०.५ चे. झाकणावर पोरानं पेनानं लिहिलंय, 'मोडायचे गिअर'. डबी त्याची, स्क्रू-ड्रायव्हरही त्याचा. मला हात लावायची परवानगी नाही.

परवा शर्यतीत पुन्हा खांबाला धडकली. तो वर आला, गाडी टेबलावर ठेवली, पेपरची पट्टी कापली आणि कामाला लागला. आजोबा समोर घड्याळ घेऊन बसले होते. अकरा मिनिटं लागली. मोडका गिअर त्यानं भिंगाखाली धरला, दाते मोजले आणि मला दाखवला.

"चार गेलेत, एका जागी. हे माझं आहे."